न वाजणारी तेवीस गाणी

थांबाबाईंचं खरं नाव मला ओळख झाल्यावर सहा महिन्यांनी कळलं, तेही त्यांच्या दारात पडलेल्या एका पाकिटावरून. तोवर आमच्या भागातल्या सगळ्यांसारखी मीही त्यांना थांबाबाईच म्हणत होते. जुना कॉम्प्युटर बिघडला की लोक त्यांच्याकडे जातात, आणि गेल्या गेल्या तावातावानं गाऱ्हाणं सांगायला लागतात. बाई हाताचा पंजा वर करतात आणि म्हणतात, "थांबा." त्या रागावून म्हणत नाहीत. म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडता यावा म्हणून आपण गाडीवाल्याला हात दाखवतो ना, तसा तो पंजा असतो. मग खुर्ची पुढे येते, पाण्याचा पेला येतो, आणि माणूस बसला की त्या म्हणतात, "आता पहिल्यापासून सांगा."

मला त्यांच्याकडे जावं लागलं ते बाबांमुळे.

बाबा शिंपी. चाळीस वर्षं पायानं मशीन चालवलं. पाच वर्षांपूर्वी सुईत दोरा ओवायला ते मला हाक मारायला लागले, तेव्हा मला वाटलं डोळे गेले. डोळे ठणठणीत होते. अंगठा थरथरत होता. तपासण्या झाल्या आणि कंपवात निघाला. आधी कात्री सुटली, मग मशीन सुटलं, आणि मग पाय अडायला लागले. स्वयंपाकघरातून कामाच्या खोलीत जायचं म्हटलं की दारात आल्यावर कुणी पायांना खिळे ठोकल्यासारखे ते जागच्या जागी उभे राहायचे. वरचं अंग पुढे झुकलेलं, पाय मागेच. दोनदा पडले. दुसऱ्या वेळी कपाळाला चार टाके पडले, तर शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय, "टाके जरा दूर दूर घातलेत हं."

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी बसते. पेशंटना वेळ देणं, फोन घेणं, रडणाऱ्या पोरांना समजावणं ही माझी कामं. सकाळी नऊला गेले की संध्याकाळी सहाला घरी. या नऊ तासांत बाबा त्या दारात किती वेळा अडकून उभे राहत असतील, या विचारानं माझं कामात लक्ष लागेना.

व्यायाम शिकवणाऱ्या ताई आठवड्यातून एकदा यायच्या. एकदा बाबा असेच अडकले असताना त्यांनी त्यांना हात लावला नाही, ओढलं नाही, फक्त टाळी वाजवायला सुरुवात केली. एक, दोन, एक, दोन. चौथ्या टाळीला बाबांचा पाय उचलला गेला आणि ते खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले.

"मिनिटाला शंभर ठोके," ताई म्हणाल्या. "यांच्या पायाला हा वेग मानवतोय. शंभर ठोक्यांचं संगीत लावायचं आणि ठोक्यावर पाऊल टाकायचं. रोज दोन वेळा, वीस मिनिटं." चालण्यासाठीच बांधलेलं संगीत जिथून फुकट उतरवून घेता येतं त्या वेबसाइटचं नावही त्यांनी लिहून दिलं.

फोनवर लावा की, असं कुणीही म्हणेल. आम्हीही तेच म्हटलं. पण थरथरत्या बोटानं फोनची काच दाबायची म्हणजे एकाच्या जागी चार गोष्टी उघडतात. पहिल्या दिवशी दादाला फोन लागला. दुसऱ्या दिवशी बॅटरीचा दिवा लागला तो विझेचना. तिसऱ्या दिवशी बाबांनी आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना नकळत स्वतःच्या कानाचा फोटो पाठवला. डॉक्टर सज्जन, त्यांनी "छान आहे" असं उत्तर दिलं. बाबांनी फोन माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "हे माझ्या हाताचं काम नाही."

कामाच्या खोलीत कापडं बेतायच्या टेबलाच्या कोपऱ्यात दादाचा कॉलेजातला कॉम्प्युटर होता. दादा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, कॉम्प्युटर इथेच राहिला. त्याला दोन भलेमोठे स्पीकर होते आणि त्याच्या कीबोर्डवर खालची लांब पट्टी होती. ती पट्टी बाबा मुठीनंसुद्धा दाबू शकत. दाबली की गाणं सुरू, पुन्हा दाबली की बंद. मी घरी नसताना त्यांना कुणाची वाट बघावी लागणार नव्हती. टेबलाच्या कडेनं चालायला वीस पावलांची मोकळी जागाही होती.

त्या कॉम्प्युटरला इंटरनेट नव्हतं. मी दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत पाच दिवस बसून तेवीस गाणी उतरवून घेतली आणि पेनड्राइव्हवर घातली. शुक्रवारी घरी आले तर बाबा दाढी करून, पायात बूट घालून, खुर्चीत ताठ बसलेले. बुटांच्या नाड्या त्यांनी स्वतः बांधल्या होत्या. त्यांना त्यासाठी किती वेळ लागतो ते मला माहीत होतं.

पहिल्या गाण्यावर क्लिक केलं. पडद्यावर चौकट आली, ही फाइल उघडता येत नाही. दुसरं, तेच. पाचवं, तेच. तेवीसच्या तेवीस, एकही वाजेना. मी घामाघूम झाले. बाबा थोडा वेळ बघत राहिले आणि मग वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागले.

"राहू दे गं," म्हणाले. "खूप केलंस."

मला ते "खूप केलंस" फार लागलं.

पुढचा आठवडा मी हातपाय मारले. दादा फोनवर म्हणाला, "फेकून दे तो डबा, नवीन पाठवतो." बाबांनी मान हलवली. नवीन यंत्र म्हणजे पुन्हा पहिलीपासून शिकणं, आणि या वयात या हातांनी ते त्यांना नको होतं. कॉम्प्युटरच्या दुकानातला माणूस हसून म्हणाला, "ताई, हा आता संग्रहालयात द्या." इंटरनेटवर एका शहाण्यानं लिहिलं होतं की फाइलच्या नावाची शेवटची अक्षरं बदलली की गाणं वाजतं. मी ती अक्षरंही बदलून पाहिली. ढिम्म.

थांबाबाईंचा पत्ता मला ज्यांनी दिला त्या बाई आमच्या पेशंट. दाढ काढून बसल्या होत्या, तोंडात कापूस. मी फोनवर दादाशी वाद घालत होते ते त्यांनी ऐकलं. बोलता येत नव्हतं म्हणून त्यांनी माझ्यापुढचं कार्ड ओढलं आणि मागे लिहिलं, "थांबाबाई. पाण्याच्या टाकीमागची पिवळी इमारत, तळमजला. घाई करू नका." शेवटच्या तीन शब्दांखाली दोनदा रेघ मारली होती.

शनिवारी दुपारी गेले. लांबट खोली, भिंतीला लागून पाच कॉम्प्युटर, एकेकाळी पांढरे असलेले आणि आता जुन्या दातांच्या रंगाचे. प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी. एकावर "हळू, पण प्रामाणिक." दुसऱ्यावर "याला सकाळी उठवायला वेळ लागतो." दाराशी एक गोऱ्यापान आजीबाई मटार सोलत बसल्या होत्या. त्या थांबाबाईंच्या वहिनी. दोघी विधवा नणंद-भावजया एकत्र राहतात हे मला नंतर कळलं.

"वन्सं!" आजीबाईंनी आत बघून जोरात हाक मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "या, या. आमच्या घरात माणसं दोन आणि माऊस अकरा. एकही मांजराला घाबरत नाही."

थांबाबाई आल्या. साठी ओलांडलेल्या, बारीक, केस मागे घट्ट बांधलेले, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. मी तोंड उघडलं मात्र, पंजा वर. "थांबा." खुर्ची आली, पाणी आलं. मी पहिल्यापासून सांगितलं. बाई माझ्या तोंडाकडे टक लावून ऐकत होत्या. मला वाटलं, किती लक्ष देतात!

"बाबा स्वतः लावणार का गाणी?" त्यांनी विचारलं.

"हो. तेच तर हवंय."

"मग मी यंत्र इथे बघणार नाही. त्याच्या घरी बघते. तुमच्या बाबांची मूठ कुठपर्यंत पोचते ते मला बघायला हवं."

आजवर कुणीच बाबांची मूठ विचारात घेतली नव्हती. मी पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी त्या कापडी पिशवी घेऊन आल्या. बाबांना नमस्कार केला. बाबा संकोचानं हात मांडीखाली दाबून बसले होते. बाईंनी तिकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि कॉम्प्युटरसमोर बसल्या.

"आधी हे ठरवू, दुखणं कुणाचं? यंत्राचं की गाण्यांचं?" त्यांनी पिशवीतून स्वतःची एक सीडी काढून लावली. खोलीत बासरी घुमली. "यंत्र बोलतंय. म्हणजे गाण्यांकडे बघायचं. एका वेळी एकच गोष्ट हं. दोन बदलल्या की कशानं बरं झालं ते कळत नाही, आणि कशानं बिघडलं तेही."

त्यांनी तेवीस फाइली आकाराप्रमाणे लावल्या. लगेच चार फाइली तळाशी गेल्या, इतरांच्या मानानं अगदी चिमुकल्या. "ही गाणी नाहीत. वेबसाइटचं नुसतं पान उतरलंय. दुकानात गेलात आणि साडीऐवजी दुकानाची पाटी घरी आणलीत." बाबा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. "या दोन अर्धवट. उतरता उतरता लाइन तुटली असणार. या सहा पुन्हा उतरवायच्या. उरल्या सतरा."

सतरा फाइलींकडे त्या बराच वेळ बघत होत्या. कपाळाला आठ्या. "आकार ठीक, नाव ठीक, आणि आत मात्र भलतंच. तुम्ही यांची नावं बदललीत का हो?"

माझे कान गरम झाले. "शेवटची अक्षरं फक्त."

"अगं मुली!" त्या खळखळून हसल्या. "पाकिटावरचं नाव बदललं म्हणून आतलं पत्र बदलतं का? ही नव्या पद्धतीनं बांधलेली गाणी आहेत. तुमच्या यंत्राचा वाजवणारा प्रोग्रॅम जुना, त्याला ही गाठ सोडवता येत नाही. तू वर जुन्याचं लेबल लावलंस, तो बिचारा उघडायला गेला आणि तोंडावर आपटला." अहो-जाहोवरून त्या कधी अगं-तुगंवर आल्या ते दोघींनाही कळलं नाही. "मला न सांगता लपवलं असतंस ना, तर मी इथेच दोन दिवस घालवले असते. कबूल केलंस, काम सोपं झालं."

गाणी जुन्या पद्धतीत बदलायला त्या पेनड्राइव्ह घरी घेऊन गेल्या. मी सहा फाइली पुन्हा उतरवल्या, या वेळी प्रत्येकीचा आकार तपासून, आणि बुधवारी दवाखान्यातून परस्पर त्यांच्याकडे गेले. "हळू, पण प्रामाणिक" यंत्रावर काम चालू होतं. एकेका गाण्याला वेळ लागत होता, म्हणून मी बसून राहिले, आणि वहिनींनी मला बाईंची गोष्ट सांगितली. बाई शेजारीच होत्या, पण पाठ आमच्याकडे.

बाई एका कॉलेजातल्या भाषा शिकवायच्या विभागात होत्या. विद्यार्थी कानाला हेडफोन लावून परक्या भाषेचे उच्चार ऐकायचे, आणि टेपची सगळी यंत्रं बाई सांभाळायच्या. तुटलेली टेप जोडणं, यंत्रातली टेप वाचणारी डोकी पुसणं, वीस जणांना एकच धडा एकाच वेळी ऐकवणं. अठरा वर्षं केलं. मग एका सुट्टीत टेप गेल्या आणि कॉम्प्युटर आले. बाईंना कुणी विचारलं नाही, शिकवलं तर नाहीच. वरिष्ठ म्हणाले, महिन्याभरात जमलं तर ठीक, नाहीतर दुसरं माणूस बघू.

"रोज घरी येऊन रडायच्या," वहिनी म्हणाल्या. "मी म्हणायचे, सोडून द्या. त्या म्हणायच्या, अठरा वर्षं हेच केलं, आता कुठे जाऊ?"

मग यंत्रं बसवायला आलेला एक कारागीर, बाईंहून दहा वर्षांनी लहान, स्वतःचं काम संपल्यावर चार दिवस थांबला. रोज कॉलेज सुटल्यावर दोन तास. त्यानं एक गोष्ट कधी केली नाही. बाईंच्या हातातून माऊस काढून घेतला नाही. त्या चुकायच्या, तो म्हणायचा, "थांबा. आत्ता काय केलंत ते मला सांगा." एवढंच. पाचव्या दिवशी तो निघून गेला आणि पुन्हा कधी दिसला नाही. बाईंनी पुढे तेरा वर्षं ते कॉम्प्युटर चालवले. कॉलेजनं ते भंगारात काढले तेव्हा पाच यंत्रं मागून घेतली, आणि तेव्हापासून त्या लोकांची जुनी यंत्रं बघतात. कुणाकडून काही घेत नाहीत. त्या माणसाचे आभार मानायचे राहिले, म्हणतात, तर ज्याला मिळतील त्याला देते.

"म्हणजे 'थांबा' हा शब्द त्याचा," मी म्हटलं.

"त्याचाच. एवढंच कशाला, काम करताना बोटं टेबलावर वाजवायची सवयसुद्धा त्याचीच उचललीय."

शनिवारी बाई आमच्याकडे आल्या. तेवीस फाइली, लांबलचक नावांच्या जागी सुटसुटीत आकडे, एक ते तेवीस. बाबा पुन्हा बूट घालून बसले होते. या वेळी मीच मनातून घाबरले होते. बाईंनी पहिलं गाणं लावलं. ढोलकासारखा जाड ठोका आणि वर तंतुवाद्य. पडद्यावर हिरवे पट्टे वरखाली नाचायला लागले. बाईंनी डावा तळवा स्पीकरच्या अंगावर ठेवला, पट्ट्यांकडे पाहिलं आणि समाधानानं म्हणाल्या, "वाजतंय."

मी टाळ्या वाजवल्या. बाबा मात्र मान तिरकी करून ऐकत होते, गिऱ्हाइकाच्या अंगावर न बसलेला कोट बघावा तसे.

"हे ओढतंय," ते हळूच म्हणाले.

"बाबा, वाजतंय ना!" मी म्हटलं. एवढ्या खटपटीनंतर खोट काढणं बरं दिसत नव्हतं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "काय म्हणालात? जरा या बाजूनं या. मला या कानानं ऐकू येत नाही, आणि दुसऱ्यानं कामापुरतंच येतं."

खोलीत ठोका चालूच होता. मग सगळं माझ्या लक्षात आलं. तोंडाकडे टक लावून बघणं, वहिनींच्या त्या मोठ्या हाका, स्पीकरवरचा तळवा. एकतीस वर्षं दुसऱ्यांना ऐकवण्यात काढलेली ही बाई आता गाणी डोळ्यांनी आणि हातांनी तपासत होती.

बाबा उठून त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला गेले. चार पावलं होती, पण कुणाचा हात न धरता गेले. "बाई, मी चाळीस वर्षं मशीन चालवलं," म्हणाले. "पट्टा थोडा सैल झाला की कानाला कळायचं. हा पट्टा सैल आहे. व्यायामाच्या ताई टाळी वाजवतात ती शंभरची. ही त्याहून कमी आहे." मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत त्यांनी मिनिटभर मनातल्या मनात मोजलं. "ब्याण्णव."

मला वाटलं, आता बाईंना वाईट वाटणार. त्यांनी पंजा वर केला, पण या वेळी स्वतःलाच थांबवावं तसा. कागदावर काहीतरी मांडलं. "या गाण्याची लांबी लिहिलीय चार मिनिटं. घड्याळ लावू." मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि गाणं पहिल्यापासून लावलं. ते संपायला चार मिनिटं एकवीस सेकंद लागली.

"तुम्ही बरोबर आहात," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "चूक माझी. या गाण्यांत एका सेकंदाचा आवाज अठ्ठेचाळीस हजार तुकडे करून साठवलाय. हे जुनं यंत्र सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभरच तुकडे वाचतं, वर काय लिहिलंय ते बघतसुद्धा नाही. म्हणून सगळं हळू आणि जड होतं. बदलताना मी एक आकडा बदलायला हवा होता. माझ्या यंत्रावर नीट वाजलं, म्हणून मी पुढे पाहिलंच नाही." घड्याळ पुन्हा मनगटावर बांधत त्या म्हणाल्या, "या वर्षात चार जणांना गाणी बदलून दिलीत मी. सगळे म्हणाले, छान आहे. कुणाला कळलं नसेल, किंवा मला वाईट वाटू नये म्हणून बोलले नसतील."

"मी बोललो ते चुकलं का?" बाबांनी विचारलं.

"अहो, कसलं चुकलं!" बाईंनी एकदम बाबांचा थरथरता हात दोन्ही हातांत धरला. बाबा तो हात कुणापुढे आणायचे नाहीत, माझ्यापुढेसुद्धा नाही. या वेळी त्यांनी तो मागे घेतला नाही. "दोन वर्षं मी हे भीत भीत करतेय. वाजतंय एवढं मला दिसतं. कसं वाजतंय ते सांगणारं माणूस नव्हतं मला. तुम्ही सांगाल का?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले. दुखणं आल्यापासून सगळे त्यांना काहीतरी देत होते. गोळ्या, आधार, चमचा. त्यांच्याकडे काही मागणारी ही पहिलीच बाई.

"सांगेन की," ते म्हणाले. "मला दुसरा उद्योग काय आहे?"

मंगळवारी बाई दुरुस्त गाणी घेऊन आल्या. दोघं टेबलाशी बसले. बाबा डोळे मिटून ऐकायचे, घड्याळ बघून मोजायचे, आणि बाई कागदावर लिहायच्या. शंभर. शंभर. नव्याण्णव, चालेल. अकराव्या गाण्यात मध्येच चरचर येते असं बाबांनी सांगितलं, ती बाईंना पट्ट्यांवर दिसली नव्हती. ते गाणं त्यांनी पुन्हा बदलून आणलं. तेवीस गाणी तपासून व्हायला तीन भेटी लागल्या. मला एका भेटीत झालं असतं असं वाटत होतं, पण दोघांपैकी कुणालाच घाई नव्हती.

तिसऱ्या भेटीच्या दिवशी मी लवकर सुटले होते. दाराचं कुलूप उघडून आत आले तर ठोका ऐकू आला. स्वयंपाकघराच्या आणि कामाच्या खोलीच्या मधल्या दारात बाबा उभे होते, अडकलेले. मी धावणार तोच आतून बाईंनी मला पंजा दाखवला. मी थांबले. बाबा ओठांनी मोजत होते. तीन, चार. मग त्यांचा उजवा पाय उचलला, दार ओलांडून पडला, पाठोपाठ डावा. टेबलाच्या कडेनं ते शेवटपर्यंत चालत गेले, वळताना किंचित अडखळले, ठोका पुन्हा पकडला आणि परत आले. मुठीनं पट्टी दाबली. गाणं बंद.

"आज सकाळपासून पाच वेळा दार ओलांडलं," ते मला म्हणाले. "बाई साक्षीला आहेत फक्त या एकाच वेळेच्या. बाकीच्या चार वेळा माझ्या शब्दावर मान."

मी बाईंच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी मला अर्ध्यातच धरलं. "माझे आभार मान, पण बसून," म्हणाल्या. "आणि आधी चहा टाक. तुझे बाबा मला दोन तास कामाला जुंपून बसलेत, पाणीसुद्धा विचारलं नाही." बाबा लाजले. खरंच विसरले होते.

त्या चार जणांची गाणी बाईंनी परत मागवून घेतली. बाबांनी ऐकली, दोघांची हळू निघाली. बाईंनी दुरुस्त करून नेऊन दिली आणि प्रत्येकाला तोंडावर सांगितलं की माझी चूक होती. एका आजोबांना ती संथ गाणीच आवडली होती. त्यांना दोन्ही ठेवू दिली.

मी बाईंना कान तपासायला नेलं. त्यांची टाळाटाळ दोन महिने चालली. शेवटी वहिनींनी सांगितलं की यापुढे मी हाका मारणार नाही, थाळी वाजवेन, तेव्हा तयार झाल्या. आता एका कानात यंत्र आहे. त्याचा बराच उपयोग होतो, पण संगीत त्यातून पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं ऐकू येतं म्हणे. त्यामुळे बाबांचं काम गेलं नाही.

बाबांचं दुखणं बरं होणारं नाही, ते आम्हाला माहीत आहे. हात जास्त थरथरतो, आवाज बारीक झालाय. पण दोन वर्षांत ते त्या दारात पडलेले नाहीत. व्यायामाच्या ताईंनी त्यांच्या इतर पेशंटसाठी ती तेवीस गाणी मागून नेली. आता अकरा घरांत ती वाजतात, वेगवेगळ्या वेगांत, कारण प्रत्येकाचा पाय वेगळा. बाईंनी बदललेला प्रत्येक संच आधी आमच्या टेबलाशी येतो. मला कधी दवाखान्यात अनोळखी माणूस विचारतो, "तुम्ही ठोकेवाल्या काकांची मुलगी ना?" तेव्हा मला किती बरं वाटतं ते सांगता येणार नाही.

परवा संध्याकाळी थांबाबाईंचा फोन आला. कानात यंत्र असलं तरी त्या फोनवर ओरडूनच बोलतात.

"अगं, एका बाईंनी त्यांच्या आईसाठी यंत्र आणून दिलंय. माझ्याहून म्हातारं. त्यावर गाणं लागतं, पण मला काहीतरी शंका येतेय. बाबांना विचार, शुक्रवारी वेळ आहे का?"

मी फोनवर हात ठेवून विचारलं. बाबा खिडकीशी बसले होते. त्यांना शुक्रवारी काही नव्हतं, गुरुवारीही नव्हतं. तरी ते उठले, भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले, आणि चष्मा लावून तारखांवरून सावकाश बोट फिरवलं.

"दुपारनंतर जमेल, म्हणावं," ते म्हणाले. "आणि माझा निळा शर्ट इस्त्रीला टाक."